अनियमित ठोक्यांच्या भीतीची आगोट

सात वर्षांपूर्वीची जुलै महिन्यातली रात्र. संध्याकाळपासून वीज गेलेली होती, कौलांवर पावसाचा मारा चालला होता, आणि डाव्या कुशीवर झोपलो असता मला माझ्या हृदयाचा ठोका कानात ऐकू आला. दोन ठोके नेहमीसारखे पडले, मग काहीच नाही, आणि मग आतून कोणीतरी छातीवर थाप मारावी तसा एक मोठा ठोका. पुन्हा दोन, पुन्हा शांतता, पुन्हा थाप. मी उठून बसलो, मनगट धरले आणि उजाडेपर्यंत सोडले नाही. आमच्या वाडीतून रस्त्यावर यायला साठ-सत्तर पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते, मोबाईलला रेंज फक्त गोठ्यामागच्या कोपऱ्यात मिळते, आणि कणकवली गाठायची तर गाडी मिळाल्यावरही दीड तास मोडतो. हे सगळे हिशेब मी त्या रात्री अंधारात बसून केले. यांपैकी एकही हिशेब मी आधी कधी दिवसाउजेडी केलेला नव्हता. त्या रात्रीची निम्मी भीती ठोक्याची नव्हती, या न केलेल्या हिशेबांची होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

आमच्याकडे मिरग लागण्यापूर्वी घरात आगोट भरतात. तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुले, सुके बांगडे, जळाऊ लाकडे असे सगळे मे महिन्यातच जागच्या जागी ठेवले जाते. पाऊस किती आणि कधी पडेल हे कोणाच्या हाती नसते, पण भर पावसात बाजाराला धावावे लागू नये एवढे आपल्या हाती असते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या माणसाने आपल्या भीतीची अशीच आगोट भरावी, असे मी अनुभवाने सांगतो. रात्री दोन वाजता जो निर्णय घ्यावा लागतो, तो शक्य तितका दिवसा, शांत डोक्याने आणि डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत. मी निवृत्त शिक्षक आहे, डॉक्टर नाही. म्हणून औषधांबाबत येथे जे लिहिले आहे ते आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावे.

पहिली पायरी: आपल्या अनियमिततेचे नाव माहीत करून घेणे

‘ठोके इकडेतिकडे होतात’ हे आजाराचे नाव नाही. या एका वाक्याखाली अगदी निरुपद्रवी आणि अगदी गंभीर अशा दोन्ही गोष्टी येतात, आणि नाव माहीत नसलेला माणूस नेहमी त्यांतली सर्वांत वाईट गोष्ट आपलीच समजतो. म्हणून सुरुवात येथून करावी.

सर्वाधिक आढळणारा प्रकार जादा ठोक्यांचा. निरोगी माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते, आणि चोवीस तास नोंद ठेवली तर बहुतेक धडधाकट माणसांतही एखाददुसरा जादा ठोका सापडतो. भजनात पखवाज वाजवणाऱ्याचा हात एखाद्या मात्रेवर जरा आधीच पडावा आणि पुढे त्याने सावरून सम गाठावी, तसे हे असते. वेळेआधी पडलेल्या ठोक्याच्या वेळी हृदयात रक्त पुरेसे भरलेले नसते, त्यामुळे तो ठोका मनगटाला जाणवतही नाही. त्यानंतर हृदय किंचित जास्त थांबते, त्या वेळात ते नेहमीपेक्षा अधिक भरते, आणि पुढचा ठोका साहजिकच जोरात पडतो. ज्या शांततेला ‘हृदय बंद पडले’ समजून मी दरदरून घामाघूम होत असे, ती हृदय भरून घेण्याची शांतता होती. हे एका हृदयरोगतज्ज्ञांनी कागदावर तीन रेघा ओढून मला दाखवले, आणि कोणत्याही गोळीने आला नसता एवढा आराम त्या तीन रेघांनी दिला. हृदयाची रचना आणि ताकद टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, चांगली आढळली आणि जादा ठोक्यांची संख्या फार नसेल, तर पुष्कळांना यासाठी औषधही लागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अचानक कळ दाबल्यासारखी सुरू होणारी आणि तशीच अचानक थांबणारी अतिवेगवान, पण नियमित धडधड. हृदयाच्या वरच्या भागातल्या एखाद्या जादा वाटेमुळे विजेचा प्रवाह गोल फिरत राहतो, तेव्हा हे होते. हा अनुभव घाबरवून सोडणारा असतो, परंतु यावर कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने, ती वाट बंद करण्याचा उपचार आहे आणि तो बहुतेकांच्या बाबतीत कायमचा लागू पडतो.

तिसरा प्रकार एट्रियल फिब्रिलेशन. येथे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि खालच्या ठोक्यांना कसलाच ठेका उरत नाही. पहिल्या रात्रीनंतर तीन वर्षांनी मला हे निदान झाले, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. या आजारात भीती धडधडीला चिकटते. खरा धोका मात्र धडधडीत कमी आणि थरथरणाऱ्या कप्प्यात साचून गोठणाऱ्या रक्तात अधिक असतो. ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, आणि हा आजार असणाऱ्यांत पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट असते. पण ही शक्यता सर्वांची सारखी नसते. वय 65 किंवा 75 च्या पुढे आहे का, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, पूर्वीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार आहे का, यांवरून डॉक्टर गुण मांडतात आणि रक्त न गोठू देणारी, म्हणजेच रक्त पातळ ठेवणारी, गोळी हवी की नको ते ठरवतात. ती गोळी नियमित घेतली तर पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने उतरतो. म्हणजे ज्या रात्री फार धडधडते ती रात्र जास्त धोक्याची आणि ज्या दिवशी काहीच जाणवत नाही तो दिवस सुरक्षित, असा हिशेब येथे लागू होत नाही. संरक्षण देते ती रोजची गोळी. हे समजल्यावर माझे लक्ष मनगटावरून गोळीच्या डबीकडे गेले.

याखेरीज ठोके फार मंद होणे किंवा मध्येच लांबलचक थांबा पडणे हा चौथा प्रकार आहे, आणि त्यावर पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोक्याचा इशारा देणारे छोटे यंत्र, हा उपाय आहे. 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो पहिला पेसमेकर काही तासच चालला. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले आणि 2001 साली, वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पेसमेकर म्हणजे आयुष्याचा शेवट जवळ आला असे समजणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. खालच्या कप्प्यांतून उठणारी वेगवान धडधड हा मात्र तातडीने तज्ज्ञांकडे जाण्याचा विषय आहे, विशेषतः पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर.

नाव मिळवण्यासाठी काय करावे? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात इसीजी निघतो. तो ठीक आला तर ‘त्या क्षणी ठोके नियमित होते’ एवढाच त्याचा अर्थ असतो. त्रास अधूनमधून होत असेल तर चोवीस तासांचे किंवा त्याहून अधिक दिवसांचे होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारे छोटे यंत्र, अंगावर लावावे लागते, आणि ते लावलेल्या दिवशी अंथरुणात पडून न राहता नेहमीची कामे करावीत, नाहीतर नोंद झोपलेल्या माणसाची होते. त्यासोबत टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि रक्तातले पोटॅशियम पाहिले जाते. आपल्या भागात पूर्वी सांधेतापामुळे झडपा आकसलेली पुष्कळ माणसे सापडतात, आणि त्यांना रक्त पातळ ठेवण्याची नवी औषधे चालतीलच असे नाही, म्हणून इको टाळू नये. धडधड सुरू असताना गाडी हाताशी असेल तर जवळच्या दवाखान्यात त्याच क्षणी काढलेला इसीजी सर्वांत मोलाचा ठरतो. त्याचा कागद कधीही हरवू देऊ नये. तो चकचकीत कागद उन्हाने फिका पडतो, म्हणून त्याची झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मला सुरुवातीला एका दवाखान्यात ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून दोन मिनिटांत बाहेर पाठवले गेले. ते कदाचित खरेही होते, पण त्याने माझी भीती दुप्पट झाली, कारण काय नाही हे मला कळले नव्हते. अशा वेळी नम्रपणे विचारावे: “डॉक्टर, माझ्या अनियमिततेचे नाव काय? तिच्यामुळे जिवाला धोका आहे का? पक्षाघाताचा धोका आहे का? कोणत्या लक्षणाला मी लगेच यावे आणि कोणत्या लक्षणाला घरी थांबावे?” हे चार प्रश्न घरून लिहून न्यावेत आणि उत्तरे त्यांच्यासमोरच लिहून घ्यावीत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये, कारण दुसरी पायरी त्याच उत्तरावर उभी आहे.

दुसरी पायरी: निर्णयाचा कागद

एक साधा कागद घ्यावा आणि स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या शेजारी लावावा. त्यावर तीन भाग असावेत.

पहिला भाग ‘लगेच निघायचे’. छातीत दाब किंवा वेदना होऊन ती थांबत नसेल, शुद्ध हरपली असेल किंवा हरपेल असे वाटत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, तोंड एका बाजूला ओढले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते यांपैकी काहीही झाले असेल, आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, काळी शौच झाली किंवा रक्त थांबत नसेल, तर विचार करत बसायचे नाही. 108 ला फोन करायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या गाडीचीही सोय पाहायची. पक्षाघाताच्या लक्षणांत माणूस शेवटचा कधी ठीक होता ती वेळ लिहून ठेवायची, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. कोकणात या साडेचार तासांतले दोन तास रस्त्यातच जातात. म्हणून सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन चोवीस तास कोठे मिळते, कणकवली, ओरोस, रत्नागिरी, कोल्हापूर की गोव्याचे बांबोळी, याची चौकशी आपल्या गावापुरती आधीच करून ते नाव कागदावर लिहावे. ऐन वेळी ज्या रुग्णालयात ती सोय नाही तेथे जाऊन पुन्हा पुढे धाडले जाण्यात वेळ जातो.

दुसरा भाग ‘सकाळी डॉक्टरांना कळवायचे’. नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललेली पण सहन होणारी धडधड, पायांवर नव्याने आलेली सूज, चुकलेली गोळी, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली वारंवार जाणारी नाडी. तिसरा भाग ‘घरीच थांबायचे’. निदान झालेले जादा ठोके, अंथरुणावर पडल्यावर जाणवणारी थाप, घाबरल्यामुळे वाढलेली गती. माझ्या अनुभवात भीती निवते ती या तिसऱ्या भागाने, कारण तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपल्या अक्षरात लिहिलेला असतो आणि रात्री त्याच्याशी वाद घालावा लागत नाही.

कागदाच्या तळाशी वाडीतल्या गाडीवाल्याचे आणि रिक्षावाल्याचे दोन नंबर, चालू औषधांची नावे आणि मात्रा, आणि पाखाडीवरून खुर्चीत बसवून वर नेऊ शकतील अशा दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. त्या शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवावे. मी संकोचाने विचारले तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, “अण्णानू, ह्या काय विचारूचा? रात्री कधीव हाक मारा.” त्या एका वाक्यानंतर मला झोप लागू लागली.

शक्य असल्यास घरातल्या दोघांनी छातीवर दाब देण्याचे प्रथमोपचार शिकून घ्यावेत: माणूस प्रतिसाद देत नाही आणि श्वास घेत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, किमान 5 सेंटीमीटर खोल दाबत राहायचे. त्याची गरज बहुधा पडत नाही. पण आपल्याला काही करता येईल हे ठाऊक असलेले घर कमी घाबरते, आणि घर कमी घाबरले की रुग्णही.

तिसरी पायरी: त्या दहा मिनिटांत काय करावे

ठोका चुकला की शरीर धोका समजून ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडते. ॲड्रेनलिनमुळे गती वाढते आणि जादा ठोकेही वाढतात. ते जाणवले की भीती वाढते. रहाटाचे चाक असे फिरू लागले की त्याला मध्येच कोठेतरी हात लावावा लागतो, आणि हात लावण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे श्वास.

अंथरुणात पडून राहू नये. उठून बसावे, पाय जमिनीवर टेकवावेत, पाठ भिंतीला लावावी. कागदावरचा पहिला भाग मनात एकदा वाचावा: छातीत दुखते का, दम लागतो का, चक्कर येते का, तोंड, हात, बोलणे ठीक आहे का. यांपैकी काही असेल तर निघावे. नसेल तर मनगटाला हात न लावता घोटभर पाणी प्यावे आणि चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, असे पाच मिनिटे करावे. बाहेर जाणारा श्वास लांब असला की हृदयाची गती मंदावणाऱ्या मज्जातंतूला बळ मिळते. श्वास जोरजोराने किंवा फार खोल घेऊ नये. त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि भीतीला नवे कारण मिळते.

त्यानंतर एकदाच, घड्याळ समोर ठेवून पूर्ण साठ सेकंद नाडी मोजावी. ठोके अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चुकीचे ठरते. आकडा, वेळ आणि त्याआधी काय केले होते हे वहीत लिहावे आणि वही मिटावी. वही मिटणे हा उपचाराचाच भाग आहे.

ज्यांना अचानक सुरू होणारी वेगवान, नियमित धडधड होते आणि ज्यांना डॉक्टरांनी स्वतः शिकवले आहे, त्यांनी कुंथण्याचा उपाय करावा: टेकून बसून पंधरा सेकंद श्वास रोखून जोर लावायचा आणि लगेच आडवे होऊन दुसऱ्याकडून पाय पंधरा सेकंद वर उचलून धरायचे. न शिकता हे करू नये, आणि मानेवरची शीर कोणाकडूनही, कितीही जाणता असला तरी, दाबून घेऊ नये.

यंत्रांविषयी येथेच सांगतो. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर आमच्याही कपाटात आहे. एका रात्री त्यावर नाडी 41 दिसली, आणि मला खात्री वाटली की आता संपले. घरातल्या मंडळींनी दिवा धरला, मुलाला फोन लावला, आणि बॅटऱ्या घेऊन दोघे शेजारी धावत आले. सकाळी इसीजी काढल्यावर कळले की प्रत्येक दुसरा ठोका जादा होता. तो दुबळा ठोका बोटापर्यंत पोचत नव्हता, म्हणून यंत्र निम्मेच मोजत होते. हृदय 82 च्या गतीने चालले होते. अर्थात, खरोखर मंद नाडी आणि चक्कर एकत्र असेल तर तो कागदावरचा पहिला भागच; पण लक्षण काही नसताना केवळ आकड्यावरून शेवट ठरवू नये. रक्तदाबाचे स्वयंचलित यंत्रही अनियमित ठोक्यांत दरवेळी वेगळा आकडा दाखवते, म्हणून दोन-तीन वेळा मोजून सरासरी लिहावी.

चौथी पायरी: तपासत राहण्याची सवय सोडणे

नाडी तपासल्यावर क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या मोहाने माणूस पुन्हा तपासतो. एकदा मी दिवसभर वहीत रेघा ओढल्या: संध्याकाळपर्यंत मी त्रेचाळीस वेळा मनगट धरले होते. ज्या गोष्टीकडे इतके लक्ष आहे ती जाणवणारच. म्हणून ठरवून मर्यादा घालावी: सकाळी एकदा, रात्री एकदा, तीही डॉक्टरांनी सांगितले असेल तर. पहिल्या आठवड्यात हात आपोआप मनगटाकडे जातो. तेव्हा त्या हाताला काम द्यावे. मी सोले सोलू लागलो, जाळे विणायला बसलो, नारळाच्या हिरांची केरसुणी बांधू लागलो. ओढ दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. मनगटावरच्या घड्याळाच्या सूचना डॉक्टरांना विचारून बंद कराव्यात.

यापेक्षा अवघड आहे ते टाळण्याची सवय मोडणे. भीतीमुळे मी आधी खाडीवर जाणे सोडले, मग एकट्याने आंघोळीचे दार आतून लावणे, मग एसटीचा प्रवास, आणि शेवटी पाखाडी चढणे. प्रत्येक वेळी आज सुरक्षित राहिलो असे वाटे आणि दुसऱ्या दिवशी जग थोडे लहान झालेले असे. परत येण्याची वाट पायरीपायरीनेच असते, आणि कोकणात तर ती शब्दशः. ‘किती श्रम चालतील’ हे डॉक्टरांना विचारून घेऊन मी पाखाडीवर खुणा केल्या: पहिला आठवडा दहा पायऱ्या आणि परत, दुसरा आठवडा फणसापर्यंत, तिसरा गडग्याच्या वळणापर्यंत. नियम एवढाच ठेवला की चढताना बोलता आले पाहिजे. गती वाढणारच, कारण श्रमात हृदयाने वेगाने चालणे हे त्याचे काम आहे. ती भीतीची धडधड आणि ही श्रमाची धडधड यांतला फरक शरीराला पुन्हा शिकवावा लागतो. एकेका खुणेवर पाच-सहा दिवस, भीती निम्म्यावर येईपर्यंत, थांबावे आणि मगच पुढची खूण धरावी. अकराव्या आठवड्यात मी वरच्या रस्त्यावर पोचून दुकानातून दूध घेऊन आलो. चढताना चक्कर, छातीत दाब किंवा अंधारी आली तर मात्र तेथेच थांबून डॉक्टरांना सांगावे, ती भीती समजून रेटू नये.

पाचवी पायरी: आपले हवामान, आपले ताट, आपले सण

चैत्र-वैशाखात दमट उकाड्यात आंब्याच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याच्या शरीरातून घामाबरोबर पाणी आणि क्षार जातात, आणि त्याने जादा ठोके वाढतात. तहान लागण्यापूर्वी पाणी, ताक, कोकम सरबत घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदय अशक्त असेल तर पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी रोज शहाळे पिण्यापूर्वी विचारावे.

ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी श्रावण हा जपण्याचा महिना आहे. टाकळा, अळू, माठ, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्या या दिवसांत ताटात अचानक वाढतात, आणि त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा प्रभाव उतरतो. भाजी सोडायची नाही, प्रमाण वर्षभर सारखे ठेवायचे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर हा तपासणीतला आकडा बहुतेकांचा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. तपासणीची तारीख पावसामुळे पुढे ढकलू नये. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, परंतु त्यांचा प्रभाव साधारण दिवसभरात ओसरतो, म्हणून त्या संपू देणे अधिक धोक्याचे. मेच्या अखेरीस किमान एक महिन्याची जादा औषधे घरात, ओल लागणार नाही अशा डब्यात हवीत. चुकलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन घेऊन करू नये.

लावणीनंतर कंबर आणि गुडघे धरतात आणि दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर अशा गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी धडधड वाढते. झाडपाल्याचे औषध असो की खोकल्याचे, देणाऱ्याला आधी आपला कागद दाखवावा. ठोक्यांची गती आवरणारी बीटा ब्लॉकर गोळी बरे वाटले म्हणून एकाएकी बंद करू नये. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्याने माडावर चढणे सोडावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. पण पडण्याचा मार त्या गोळीवर जीवघेणा ठरू शकतो.

सणांचे म्हणाल तर शिमग्याची पालखी, गणपतीतली भजने, दशावताराची रात्र यांतले काही सोडण्याची गरज नाही. दारू मात्र ठोके बिघडवते, फिब्रिलेशन असणाऱ्यांचे तर अधिकच. सणासुदीला एका बैठकीत घेतलेली जास्त दारू हे धडधड सुरू होण्याचे ओळखीचे कारण आहे. रात्रभर जागायचे असेल तर दुपारी झोपून घ्यावे, गोळीची वेळ चुकवू नये, रात्री उशिरा पोटभर जेवू नये. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार केल्याने ठोकेही सुधारतात.

सहावी पायरी: घरातल्यांना काय सांगावे

माझा मुलगा मुंबईत असतो. निदानानंतर तो दिवसातून चार वेळा फोन करून विचारी, “बाबा, कसं वाटतंय छातीत?” आणि प्रत्येक फोनला मी छातीकडे लक्ष देई. शेवटी आम्ही ठरवले की तो एकदा फोन करील आणि पाऊस, गुरे, नात यांविषयी बोलेल. काही झाले तर मी सांगेन. हे नीट समजावून सांगितले नाही तर लपवल्यासारखे वाटते, म्हणून समजावूनच सांगावे. देवाला गाऱ्हाणे घालणाऱ्या घरांनी ते जरूर घालावे. मीही घातले आहे. फक्त गाऱ्हाणे घातले म्हणून गोळी थांबवू नये.

सातवी पायरी: भीतीलाच उपचार लागतो तेव्हा

हृदयाच्या तपासण्या ठीक आहेत, औषध चालू आहे, तरी दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, घराबाहेर पडवत नाही, जेवण उतरत नाही, एकटे राहवत नाही किंवा जगण्यात रस उरलेला नाही, तर ही भीती आता स्वतंत्र आजार झाली आहे असे समजावे. तिच्यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन बदलण्याच्या समुपदेशनाने शरीरातल्या संवेदनांची भीती कमी होते, आणि काहींना औषधही लागते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, तो मोफत आणि चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना इसीजी आणि औषधांची यादी न्यावी, कारण मनाच्या काही औषधांचा ठोक्यांवर परिणाम होतो आणि त्यांना त्यानुसार निवड करता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला तर मात्र सकाळची वाट पाहू नये, त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठवून सांगावे आणि फोन लावावा.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, सुके बांगडे डब्यात भरून झाले की, मी भिंतीवरचा जुना कागद काढतो आणि नवा लिहितो. गाडीवाल्याचा नंबर बदललेला असतो, एखादी गोळी कमी झालेली असते, शेजारचा मुलगा नोकरीला गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसऱ्याला विचारायचे असते. बॅटरीतले सेल पाहावेत, पॉवर बँक चार्ज करून ठेवावी, आयएनआरची तारीख घालावी, घाटाला पर्यायी रस्ता कोणता चालू आहे ते विचारून ठेवावे. कागद घरातल्या सर्वांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग तो भिंतीवर लावावा.